बोटुकलीची लस

मलकपेठेत किंवा हैदराबादच्या दुसऱ्या कुठल्याही मोहल्ल्यात विकायला येणारा रोहू-कटला बहुतेक तळ्यात वाढवलेला असतो. तळ्यात दाटी असते, पाणी उबदार असते, आणि जाळे ओढताना माशांचे खवले खरचटतात. जिवाणूंना एवढे पुरते. कॉलमनॅरिस रोगात कल्ल्यांवर आणि परांवर पिवळट-पांढरे चट्टे पडतात व कल्ले सडतात. एडवर्डसिएला हा जिवाणू यकृतात आणि मूत्रपिंडात गळवे करतो. एरोमोनासमुळे अंगावर लाल व्रण उठतात, पोटात पाणी भरते.

यावर अँटिबायोटिक हा सोपा वाटणारा इलाज आहे, पण तो बहुधा फसतो. औषध खाद्यात मिसळावे लागते आणि आजारी मासा आधी खाणेच सोडतो. ते पोटात जाते निरोगी माशांच्या. उरलेले पाण्यात उतरते आणि तिथल्या जिवाणूंना औषध पचवायला शिकवते.

लशीची वाट वेगळी आहे. रोगाचे जिवाणू वाढवून फॉर्मालिनने मारायचे आणि ते माशाच्या शरीराला आधीच दाखवून ठेवायचे. माशाला अस्थिमज्जा नसते. तिचे बरेचसे काम मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग करतो, आणि प्रतिपिंडे तिथे व प्लीहेत तयार होतात. त्वचेवरचा बुळबुळीत थर आणि कल्ले हीसुद्धा संरक्षणाचीच ठाणी आहेत. मासा थंड रक्ताचा असल्याने प्रतिकारशक्तीचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो. म्हणून सालमनपालक दिवसांऐवजी ‘अंश-दिवस’ मोजतात: सुमारे 500 अंश-दिवस लागणार असतील, तर 10 अंशांच्या पाण्यात 50 दिवस. आपल्याकडच्या उबदार पाण्यात प्रतिकारशक्ती लवकर येते, पण रोगजंतूही तितक्याच वेगाने वाढतात.

ही कल्पना जुनी आहे. कॅनडात डफ यांनी 1942 साली ट्राउट माशांना मृत जिवाणू खाऊ घालून फुरुनक्युलोसिस या रोगापासून वाचवल्याची नोंद केली. माशांसाठीच्या पहिल्या लशीला परवाना मात्र 1976 साली अमेरिकेत मिळाला. सर्वांत बोलका दाखला नॉर्वेचा. तिथल्या सालमनपालनात 1987 साली जवळपास 50 टन अँटिबायोटिक वापरले गेले. लशी रुळल्यावर दहाएक वर्षांत ते एका टनाच्या आसपास आले, आणि त्याच काळात उत्पादन कित्येक पटींनी वाढले.

भारतात 2022 साली हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेशी करार केला. कॉलमनॅरिस आणि एडवर्डसिएलोसिस या रोगांवरच्या दोन मृत-जिवाणू लशींचे तंत्रज्ञान संस्थेचे, त्यांचा पुढचा विकास कंपनीकडे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने 1982 साली सुरू केलेल्या या कंपनीला पशुपालक लाळ्या-खुरकुताच्या लशीमुळे ओळखतात. एरोमोनासच्या लशीसाठी तिने भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेशीही हात मिळवला आहे.

खरी अडचण लस माशापर्यंत पोहोचवण्यात आहे. नॉर्वेत प्रत्येक सालमनला भूल देऊन पोटात सुई टोचतात. मासा महाग असल्याने ते परवडते. रोहूच्या भावात एकेका माशाला सुई टोचणे शक्य नाही. खाद्यातून दिलेली लस पचनमार्गातच बरीच नासते. उरते ती बुडवण्याची रीत: पाण्यात लस कालवून त्यात मत्स्यबीज जाळीसकट अर्धा-एक मिनिट धरायचे. एवढ्यात कल्ले आणि त्वचा लस शोषून घेतात, आणि हजारो पिल्ले एका खेपेत उरकतात. हे संरक्षण सुईइतके पक्के नसते आणि लवकर ओसरते, तरी रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांसाठी हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. त्याची योग्य वेळ म्हणजे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, तळ्यात सोडण्यापूर्वीची. त्याहून लहान पिल्लांची प्रतिकारयंत्रणा पुरती तयार नसते, आणि बोटुकली तळ्यात सोडल्यावर ती पुन्हा गोळा करणे जिकिरीचे होते. त्यामुळे बीज तयार करणाऱ्या केंद्रांनी मनावर घेतल्याशिवाय लस तळ्यापर्यंत येणार नाही.

दुसरी अडचण जिवाणूंच्या विविधतेची. एरोमोनासचे प्रकार इतके आहेत की एका भागातल्या जिवाणूवर केलेली लस दुसऱ्या भागात तोकडी पडू शकते. कॉलमनॅरिसचा एकच मानलेला जिवाणू 2022 साली चार जातींत विभागला गेला. त्यामुळे स्थानिक तळ्यांतले नमुने सतत तपासत राहावे लागतात.

कोळंबीला मात्र ही वाट खुली नाही. तिचे शरीर प्रतिपिंडेच बनवत नाही, म्हणून तिथे रोगमुक्त बीज आणि स्वच्छ तळे यांवरच भिस्त ठेवावी लागते.