आधी वजनकाटा, मग खरेदी
(कच्च्या वाटेवरच्या ट्रेलर-घराची चिकित्सा)

इ. स. १८८५ मध्ये डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थांनी ब्रिस्टल येथील कारखान्याकडून चाकांवरचे एक घर खास स्वतःसाठी बांधवून घेतले. हे गृहस्थ ब्रिटिश आरमारात शल्यचिकित्सक होते आणि पुढे मुलांसाठी साहसकथा लिहून नावारूपास आले होते. 'वाँडरर' नावाच्या या घराचे वजन सुमारे दोन टन होते व ते ओढण्यास दोन घोडे लागत. त्यातून त्यांनी थेट स्कॉटलंडमधील इन्व्हरनेसपर्यंत मजल मारली. निव्वळ हौसेच्या भ्रमंतीसाठी बांधलेल्या फिरत्या घरांचा इतिहास या घरापासून सांगितला जातो. ही हौस आपल्याच एका व्यवसायबंधूने रूढ केली असल्याने तिची चिकित्साही आपल्यापैकी कोणी केली तर ते अप्रस्तुत ठरणार नाही, असे मी मानतो.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या पुतण्यामुळे. वडोदऱ्यातील आपल्या मराठी घरांतून एखादे तरी पाखरू परदेशी गेलेले असते. माझा पुतण्या ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे स्थायिक आहे. पतिपत्नी दोघेही नोकरी करतात. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. मुलीस दम्याचा त्रास आहे. कच्च्या रस्त्यावर नेता येईल असा, झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेला ट्रेलर विकत घ्यावा असे त्यांच्या मनात आले आणि त्याने मला विचारले, "काका, घ्यावा की नको?" मोटारींतील मी जाणकार नव्हे. परंतु पुढे महिनाभर त्यांच्याकडे राहण्याचा योग आला, तेव्हा या प्रश्नाचा शक्य तितका अभ्यास केला. तो येथे मांडण्याचे कारण असे, की हा प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणाच्याही मुलाबाळांपुढे येऊ शकतो.

ही वस्तू म्हणजे नेमके काय?

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात गावे विरळ आणि अंतरे प्रचंड आहेत. मारी ते मार्ला हा ऊडनाडाटा मार्ग सुमारे ६२० किलोमीटरचा आणि बिनडांबरी आहे. अशा रस्त्यांवर चाकांनी पडलेल्या आडव्या वळ्या असतात. त्यांवरून तासन्‌तास जाताना गाडीचा प्रत्येक खिळा हादरतो. साधा कॅरॅव्हॅन येथे टिकत नाही. म्हणून मजबूत सांगाडा, प्रत्येक चाकास स्वतंत्र स्प्रिंग-व्यवस्था, अधिक उंची आणि तिन्ही दिशांना वळू शकणारी जोडणी असलेला ट्रेलर लागतो. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, कापडी तंबू उलगडणारा हलका ट्रेलर. दुसरा, ज्याचे झाकण उघडताच पक्की जमीन तयार होते असा मध्यम ट्रेलर. तिसरा, पक्क्या भिंतींचा 'हायब्रिड', म्हणजे छोटेखानी घरच. पुतण्याचे मन तिसऱ्यावर बसले होते, कारण त्यात मुलांसाठी एकावर एक अशा दोन बिछान्यांची सोय होती.

कागदावरचे वजन आणि खरे वजन

आम्ही बालरोगतज्ज्ञ मुलाचे वजन केल्याशिवाय औषधाची मात्रा लिहीत नाही. ट्रेलरच्या बाबतीतही पहिला नियम हाच आहे, आणि खरेदीच्या उत्साहात नेमका तोच विसरला जातो.

येथे चार संज्ञा समजून घ्याव्यात. ट्रेलरचे रिकामे वजन म्हणजे 'टेअर'. सामानासह त्याचे कमाल वजन म्हणजे 'ए.टी.एम.'. आपल्या परिचयाचे ए.टी.एम. पैसे देते, हे मात्र घेते! सामान व माणसांसह मोटारीचे कमाल वजन म्हणजे 'जी.व्ही.एम.', आणि मोटार व ट्रेलर मिळून अनुज्ञेय वजन म्हणजे 'जी.सी.एम.'.

जाहिरातीत लिहिलेले असते, 'ही मोटार ३५०० किलो ओढते'. समजा तिचे जी.सी.एम. ६००० किलो आहे. मग ३५०० किलोचा ट्रेलर जोडल्यावर मोटारीस माणसे व सामान धरून अवघे २५०० किलो उरतात. मोटार स्वतःच २२०० किलोची असेल, तर भरण्यास काय राहिले? दोन्ही दावे खरे असतात, परंतु ते एकाच वेळी खरे नसतात.

आता ट्रेलर २००० किलोचा धरू. ट्रेलरच्या वजनाचा सुमारे दशांश भार जोडणीतून मोटारीवर पडावा, असा तेथील सर्वसाधारण संकेत आहे, म्हणजे २०० किलो. मोटारीचे जी.व्ही.एम. ३००० किलो धरल्यास तिची भारक्षमता ८०० किलो होते. त्यातून जोडणीचे २०० गेले, दोन मोठी व दोन लहान माणसे मिळून १८० गेले, पुढचा लोखंडी अडसर, टपावरील जाळी, दुसरी बॅटरी व फ्रीज यांचे २०० गेले. उरले २२० किलो. कपडे, अवजारे, जादा पाणी व डिझेल एवढ्यातच बसवायचे.

ट्रेलरचाही हिशेब असाच आहे. रिकामा १५०० आणि कमाल २००० किलो, म्हणजे ५०० किलो मोकळे. १२० लिटर पाणी म्हणजेच १२० किलो. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या सुमारे ४० किलो. उरलेल्या ३४० किलोंत सारा संसार मावला पाहिजे.

जोडणीवरील भार कमी ठेवावा, असे येथे कोणास वाटेल. परंतु आपल्या बैलगाडीचे उदाहरण आठवावे. मागे जड झालेली गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. मागे जड झालेला ट्रेलर वेगात असताना डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो व प्रसंगी मोटारीसही उलथवतो. उलट पुढे फार जड झाल्यास मोटारीची मागची चाके दबतात, पुढची हलकी होतात आणि सुकाणू व ब्रेक यांवरील पकड घटते. म्हणून जड सामान ट्रेलरच्या चाकांलगत व तळाशी ठेवायचे असते.

ब्रेकविषयी तेथील नियम स्पष्ट आहे. जोडलेल्या अवस्थेत ट्रेलरच्या चाकांवरील कमाल भार ७५० किलोंहून अधिक असेल तर त्यास स्वतःचे ब्रेक हवेत. तो २००० किलोंहून अधिक असेल तर सर्व चाकांस ब्रेक हवेत, शिवाय ट्रेलर सुटल्यास आपोआप लागणारी व्यवस्थाही हवी.

रात्रींचा हिशेब

दुसरा प्रश्न पैशाचा, परंतु तो किमतीपेक्षा रात्रींच्या भाषेत विचारावा. ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ नोकरदारास वर्षाकाठी किमान चार आठवड्यांची पगारी रजा असते. त्यातील काही वडोदऱ्यास येण्यासाठी राखावीच लागते. शाळेची मोठी सुटी भर उन्हाळ्यात येते, आणि त्या काळात अंतर्भागातील उष्णता मुलांना सोसण्यासारखी नसते. सिम्पसन वाळवंटाचे उद्यान तर १ डिसेंबर ते १५ मार्च बंदच असते, आणि एरवीही तेथील वाळूच्या टेकड्यांवर ट्रेलर नेऊ नये असेच सांगितले जाते. तात्पर्य, एप्रिल, जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छोट्या सुट्या उरतात. वर्षाला वीस रात्री धरल्या तरी तो उदार अंदाज ठरेल.

गणितापुरते आकडे घेऊ. ट्रेलर ४०,००० डॉलरला घेतला आणि सात वर्षांनी २०,००० ला विकला. नोंदणी, विमा, देखभाल व ठेवण्याची जागा यांवर वर्षाला २,००० गेले. सात वर्षांत एकूण खर्च ३४,००० आणि रात्री १४०. म्हणजे एका रात्रीस सुमारे २४३ डॉलर पडले, जादा इंधन व तळाचे भाडे वेगळेच. चाळीस रात्री वापरल्यास हाच आकडा १२१ वर येतो, दहाच रात्री वापरल्यास ४८६ वर जातो. भाड्याने मिळणाऱ्या ट्रेलरचा दर या आकड्याशी ताडून पाहिला की मोह आणि गरज यांतील भेद आपोआप कळतो.

बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून

पुतण्याने मला विचारले ते मी डॉक्टर म्हणून. तेव्हा चार गोष्टी मी आवर्जून सांगितल्या.

पहिली, कार्बन मोनॉक्साइड. जुलैत तेथे कडाक्याची थंडी असते. बंद ट्रेलरमध्ये शेगडी वा ऊब देणारे गॅसचे साधन रात्रभर चालू राहिल्यास हा रंगहीन, गंधहीन वायू साचतो. मुलांचा श्वसनवेग अधिक असल्याने त्यांना बाधा लवकर होते. डोकेदुखी, उलटी व सुस्ती ही लक्षणे विषाणुज्वर किंवा अपचन समजून सोडून दिली जातात. शिवाय नेहमीचा पल्स ऑक्सिमीटर अशा वेळी फसवा, निर्धोक आकडा दाखवतो, हे आपणा डॉक्टरांनी विसरू नये. वायुवीजनाच्या झडपा उघड्या हव्यात आणि धोक्याची सूचना देणारे यंत्र हवेच.

दुसरी, धूळ. तेथील तांबडी धूळ पिठासारखी बारीक असून दारांच्या फटींतून आत शिरते. दम्याच्या मुलीचे अंथरूण बंद पिशवीतच न्यावे. लेखी उपचारयोजना, इन्हेलर व स्पेसर ट्रेलरमध्ये न ठेवता मोटारीत, हाताशी ठेवावेत.

तिसरी, वरचा बिछाना. नऊ वर्षांखालील मुलास वरच्या बिछान्यावर झोपवू नये, असा सल्ला ऑस्ट्रेलियात दिला जातो. म्हणजे ज्या सोयीसाठी हायब्रिड घ्यावयाचा, ती आणखी दोन वर्षे या कुटुंबाच्या कामाचीच नव्हती.

चौथी, अंतर. त्या देशात १९२८ साली रेव्हरंड जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नाने क्लॉनकरी येथून विमानाने डॉक्टर पाठविण्याची सेवा सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. परंतु विमान येण्यासाठी निरोप तर पोहोचला पाहिजे. मोबाइल जेथे मुका होतो तेथे उपग्रह-फोन किंवा संकटसूचक बीकन लागतो. त्यावरचा खर्च ट्रेलरच्या आधी करावा.

निर्णय

माझा सल्ला असा होता, की आधी भाड्याने न्यावा. जुलैच्या सुटीत त्यांनी तसाच हायब्रिड फ्लिंडर्स पर्वतराजीकडे नेण्यासाठी दहा दिवस घेतला. निघण्यापूर्वी सर्व सामान व माणसांसह आम्ही वजनकाट्यावर गेलो. एकूण वजन मर्यादेत भरले, परंतु मोटारीच्या मागच्या आसावरील भार सुमारे ९० किलोंनी अधिक निघाला. जोडणी मागच्या चाकांच्याही मागे असते, त्यामुळे तरफेच्या न्यायाने त्या चाकांवर २०० किलोंहून अधिक भार पडतो. घरी बेरीज करताना ही गोष्ट ध्यानी येत नाही. काही सामान उतरवले, काही ट्रेलरच्या चाकांलगत हलवले, पुन्हा वजन केले आणि मगच मंडळी मार्गस्थ झाली. मुलगी धाकट्याशेजारी खालच्या बिछान्यावर झोपली.

प्रवास आनंदात झाला. मुलांनी आकाशभर तारे पाहिले. परंतु परतल्यावर पुतण्याने आपण होऊनच सांगितले, की आपल्या मोटारीस आणि रजेला हे घर जड आहे. दोन वर्षे भाड्याने न्यायचे आणि मुलगी नऊ वर्षांची झाली की एखादा हलका तंबू-ट्रेलर पाहायचा, असे दोघांनी ठरवले आहे.

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. मोल नसेलही, पण वजन असते, आणि ते रस्त्यावर मागच्या आसनावरच्या मुलांसह वाहून न्यायचे असते. म्हणून ज्यांची मुलेबाळे अशा खरेदीच्या विचारात असतील त्यांनी एवढेच विचारावे : वजन केले का? रात्री मोजल्या का? जवळचे रुग्णालय कोठे आहे? या तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर ट्रेलर खुशाल घ्यावा आणि आपणही एकदा त्यांच्याबरोबर जाऊन यावे. मात्र त्या दिवशी वजनकाट्यावर आपलेही वजन धरावयास त्यांना सांगावे.