पहिल्या पिकोसेकंदाचा हिशेब

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा छतावरचं सौर पॅनल हवेपेक्षाही जास्त तापतं. निळ्या-जांभळ्या किरणांतली जादा ऊर्जा सिलिकॉनला वापरता येत नाही; इलेक्ट्रॉन ती उष्णता म्हणून स्फटिकाला देऊन टाकतो. हे साधारण एका पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात, उरकतं. ही गळती थांबवायची तर ती होते त्याच क्षणात डोकावलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. क्वांटम डॉटचंच बघा. अर्धवाहकाचे हे कण काही नॅनोमीटरचे. त्यांत ऊर्जेच्या पायऱ्या लांब-लांब असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन सावकाश उतरेल आणि गळती मंदावेल, असा तर्क होता. कॅडमियम सेलेनाइडच्या डॉटमध्ये वेळ मोजली, तर तो पिकोसेकंदाच्या आतच खाली आलेला दिसला: आपली ऊर्जा तो सोबतच्या होलला, म्हणजे त्याच्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागेला, देत होता. २००८ मध्ये अंशू पांडे आणि फिलिप ग्यो-सिओनेस्ट यांनी डॉटवर थरांचं कवच चढवून होलला दूर ठेवलं, तेव्हा तीच उतरण नॅनोसेकंदापुढे लांबली. हे उत्तेजित डॉट जो प्रकाश देतो त्या नुसत्या झळाळीवरून कधीच कळलं नसतं. बाजारात कापूस तोलून शेतात किती बोंडं गळली ते सांगता येत नाही.

मोजणी मात्र अंतराची असते. लेझरचा झोत दुभागतात. एक स्पंद डॉटला उत्तेजित करतो, दुसरा मागाहून येऊन त्याची अवस्था तपासतो. प्रकाश पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर जातो, म्हणून सरकता आरसा ०.१५ मिलिमीटर मागे नेला की जाण्या-येण्याची वाट दुपटीने वाढून दुसऱ्या स्पंदाला नेमका एका पिकोसेकंदाचा उशीर होतो. या दुसऱ्या स्पंदाच्या शोषणातला फरक हजारात एखाद्या भागाएवढा, पुष्कळदा त्याहून कमी. म्हणून हजारो स्पंदांची सरासरी काढत, आरसा कणाकणाने सरकवत बसावं लागतं. आक्षेप असा, की लेझरचा स्पंद उन्हापेक्षा कितीतरी तीव्र. एका डॉटमध्ये दोन-दोन उत्तेजनं कोंबली तर छतावरचं वास्तव कसं दिसणार? आक्षेप खरा आहे. त्यावर उपायही आहे: शोषणाच्या आलेखाचा आकार बदलणं थांबेपर्यंत स्पंदाची ऊर्जा कमी करत न्यायची. ही पायरी ज्या शोधनिबंधात नाही, त्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

वऱ्हाडाला ही महागडी चैन कशाला, असंही कोणी विचारेल. पण लेझर जिल्ह्या-जिल्ह्यात लागत नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हिरेंद्र नाथ घोष यांच्या गटाने डॉटमधले विद्युत्भार फेम्टोसेकंद लेझरने, म्हणजे पिकोसेकंदाहूनही तोकडे स्पंद देणाऱ्या लेझरने, मोजले. तिथपर्यंत नमुन्याची कुपी रेल्वेनेही जाईल. डॉट बनवायला मात्र रसायनं, काचपात्र आणि सवयीचा हात पुरतो. अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांनो, प्रबंधात झळाळीचा आलेख लावून थांबू नका. तुमच्या डॉटमधला इलेक्ट्रॉन किती वेळात उतरतो, तेही मोजून घ्या.