ओल्या कागदावरचा रस्ता

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पहिल्यांदा मांडीवर बोर्ड घेऊन बसलो, तो एप्रिल होता. एप्रिलची हवा कागदावरचं पाणी बघता बघता पिऊन टाकते. जलरंगातला आकाशाचा वॉश छपरांपर्यंत आणावा, तोवर वरची कड वाळलेली. पावसाळ्यात उलट, पहिला थर ओलाच राहतो आणि वळचणीखाली नुसतं बसून राहावं लागतं. थांबलं की रस्ता दिसायला लागतो.

आपल्याकडे असा रस्ता मन लावून पाहिला तो महादेव विश्वनाथ धुरंधरांनी. १८९० साली ते कोल्हापूरहून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. पुढे तिथेच शिकवलं आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र लिहिलं. मुंबईचे पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ची १९१२ची आवृत्ती धुरंधरांच्या चित्रांनी सजली. ऑटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी त्यांनी केलेल्या चित्रांत जातीजमातीगणिक बदलणारं नेसणं, दागिने, उभं राहण्याची ढब असं सगळं आहे. आज तो आपल्याला हरवलेला काळ वाटतो. धुरंधरांसाठी मात्र ती समोरून चाललेली माणसं होती. ते वर्तमान रंगवत होते.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुण्यात जलरंगांना आज मोठा चाहतावर्ग आहे. मिलिंद मुळीक यांची चित्रं आणि ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची पुस्तकं पाहून कितीतरी जण रविवारी ब्रश घेऊन पेठांत उतरले. पण प्रदर्शनांतून हिंडताना एक खंत वाटते. वाडा असतो, ऊन असतं, दारापुढे सायकल असते. त्याच दारात उभ्या असलेल्या चार स्कूटर, केबलची जाळी आणि ‘बांधकाम चालू’चा पत्रा चित्रकाराने वगळलेला असतो. म्हणजे वाडा का जातोय, तेच चित्रातून गेलं. पानशेतच्या पुराने १२ जुलै १९६१ रोजी नदीकाठचे वाडे ओढून नेले. उरलेले वर्षानुवर्षं गोठलेल्या भाड्यांनी, वाढत गेलेल्या वारसदारांनी आणि न झालेल्या दुरुस्तीने खचत आले. मुंबईत डिझेलवरची लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाली, तेव्हा शेवटच्या फेरीचे फोटो मोबाइलमध्ये असंख्य निघाले. वरच्या मजल्यावर पुढच्या बाकासाठी धावणारी पोरं बस चालू असतानाच कुणी रंगवायला हवी होती. इकडे पुण्यात मंडईच्या पोटातून सप्टेंबर २०२४पासून मेट्रो धावते. जिन्यातून वर येणारी माणसं आणि समोरची भाजीवाली आज एकाच कागदावर मावतात. ती आजच काढावीत.

तांबट आळीत त्या दिवशी मी एक हंडा रंगवला होता. तांबूस थर, कडेला गडद छटा, मधोमध एक लांब चमक. काम थांबवून कारागीर मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहून म्हणाले, “भांडं चांगलंय. पण मठार कुठंय?”

मठार म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची ती नक्षी. प्रत्येक खळगा उजेडाचा एक ठिपका धरतो. जलरंगात तो ठिपका नंतर लावता येत नाही, तेवढा कागद आधीच कोरा राखावा लागतो. मी नवा कागद लावला. ते पुन्हा ठोकायला बसले आणि यावेळी मी आधी ठोके मोजत राहिलो.