सोळाव्या वर्षीं न आलेलें पत्र

माझा थोरला नातू जन्मानें इंग्लंडचा, वाढीनें पुण्याचा. त्याच्या आईबापांस तेथें कायम वास्तव्याची परवानगी मिळाल्यावर तो जन्मला, म्हणून ब्रिटिश नागरिक ठरला. १९८३ सालापासून त्या देशांत नुसता भूमीवरचा जन्म नागरिकत्वास पुरत नाहीं. तीन वर्षांचा असतां मंडळी स्वदेशीं परतली.

विसाव्या वर्षीं तो उदरनिर्वाहार्थ तिकडे गेला. एका दुकानदारानें काम देऊं केलें आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर विचारला. "जन्म येथला सांगतोस आणि नंबर नाहीं, हें कसें?" असें म्हणून त्या गृहस्थानें त्यास वाटेस लावलें. रात्रीं मुलाचा फोन आला, "आजोबा, मी इथलाच ना? मग माझा नंबर गेला कुठं?" त्याच्या आवाजांतला कंप मला ऐकूं आला, आणि मी ह्या प्रकरणाच्या मागें लागलों.

ह्या विम्याचें मूळ लॉइड जॉर्ज ह्यांच्या १९११ च्या कायद्यांत आहे. बेव्हरिज ह्यांच्या १९४२ च्या अहवालानंतर, १९४८ च्या जुलैपासून, त्यास सार्वत्रिक रूप आलें. प्रारंभीं दोन अक्षरें, मग सहा अंक आणि शेवटीं एक अक्षर, असा हा नंबर जन्मभर एकच राहतो. पगारांतून कापली जाणारी वर्गणी त्याच्या खातीं जमा होते. सध्यांच्या नियमानें वर्गणीचीं निदान दहा वर्षें भरल्यावांचून सरकारी पेन्शन नाहीं, आणि पूर्ण पेन्शनीस सामान्यतः पस्तीस लागतात. नंबर म्हणजे ओळखीचा पुरावा मात्र नव्हे.

तेथें वाढणाऱ्या मुलाच्या पोषणार्थ आईबाप चाइल्ड बेनिफिट घेतात. त्या नोंदीवरून सोळावें वर्ष लागण्यापूर्वीं नंबराचें पत्र आपोआप घरीं येतें. आमच्याकडे आठव्या वर्षीं मुंज, तशी ही त्यांची सोळाव्या वर्षाची म्हणावी. जो त्या वेळीं परदेशीं असतो, त्याची ही मुंज राहून जाते. त्यांत नागरिकत्वाविषयीं संशय मुळींच नसतो. त्यानें पुढें स्वतः अर्ज करावयाचा, इतकेंच.

अर्जास फी नाहीं, पण अर्जदार तेथें राहत असला पाहिजे. पुण्याहून निघण्यापूर्वींच सर्व उरकून टाक, असा माझा मास्तरी आग्रह होता, तो फुकट गेला! अर्ज इंटरनेटवरून होतो. पासपोर्टचें चित्र आणि तो हातांत धरलेलें स्वतःचें छायाचित्र मागतात. कांहींना कचेरींत बोलावतात. ओळख पटल्यावर चार आठवडेपर्यंत वाट पाहावी लागते.

मला धास्ती होती नांवाची. येथील शाळेच्या दाखल्यांत मधें वडिलांचें नांव, तिकडच्या जन्मनोंदींत तें नाहीं. पासपोर्ट जन्मनोंदीबरहुकूम होता, म्हणून निभावलें. आपल्या कुटुंबांनीं मुलांचे दाखले करतांनाच इकडे लक्ष द्यावें.

आणि ज्यासाठीं मीं हें लिहावयास घेतलें तें असें, कीं नंबर हातीं नसतांहि काम सुरू करतां येतें. काम करण्याचा हक्क सिद्ध झाला म्हणजे झालें. दुकानदारास हें ठाऊक नव्हतें, आमच्या मुलासहि नव्हतें, आणि मिळालेली पहिली नोकरी हातची गेली.

पत्र तेविसाव्या दिवशीं आलें. तोंवर तो दुसरीकडे लागलाहि होता. तेथील कारकुनानें पासपोर्ट तपासला, नंबराचा रकाना कोरा ठेवला आणि सांगितलें, उद्यां सकाळीं सात वाजतां ये.