ग्रिनिच, पॅरिस आणि जगाची वेळ

जगातल्या सगळ्या घड्याळांची आधारभूत वेळ आज ‘यूटीसी’ या नावाने ओळखली जाते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. या तीन अक्षरांपर्यंत पोहोचायला ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात जवळजवळ शतकभर चढाओढ चालली.

ऑक्टोबर १८८४ मध्ये शून्य रेखावृत्त ठरवण्यासाठी २५ देशांचे प्रतिनिधी वॉशिंग्टनला जमले. जगातली सुमारे ७२ टक्के जहाजवाहतूक तेव्हा लंडनचे ग्रिनिच प्रमाण मानणाऱ्या नकाशांवर चालत होती. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनीही आदल्याच वर्षी ग्रिनिचवर आधारलेली वेळ स्वीकारली होती. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांचे म्हणणे होते, की ही रेषा कोणत्याही मोठ्या खंडातून जाऊ नये, ती तटस्थ असावी. शास्त्राच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नव्हते, कारण रेखांश कुठूनही मोजता येतात. पण व्यवहाराचे पारडे जड ठरले. ग्रिनिचला २२ मते पडली, सान्तो दोमिंगोने विरोध केला, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले.

फ्रान्सने पॅरिसची वेळ सोडली ती थेट १९११ मध्ये, आणि तीही ग्रिनिचचे नाव न घेता. फ्रान्सची कायदेशीर वेळ म्हणजे ‘पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटे २१ सेकंद मागे केलेली’, असे त्या कायद्यात लिहिले होते. ही वेळ ग्रिनिचचीच होती. वेळेत असा अभिमान गुंतणे मुंबईलाही नवे नाही. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही शहरात ३९ मिनिटे मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ कित्येक दशके टिकून होता.

नाव ग्रिनिचचे झाले, पण वेळेचा हिशेब पॅरिसकडे गेला. आयफेल टॉवरवरून १९१० पासून बिनतारी वेळसंकेत जाऊ लागले आणि आंतरराष्ट्रीय वेळ कार्यालय पॅरिसच्या वेधशाळेत उभे राहिले. पुढे १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये सिझियमचे आण्विक घड्याळ यशस्वी झाले, आणि पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा अणू अधिक नियमित असल्याचे दिसून आले. आण्विक घड्याळांवर चालणाऱ्या नव्या वेळेला नाव हवे होते. ‘कोऑर्डिनेटेड युनिव्हर्सल टाइम’ या इंग्रजी नावाची आद्याक्षरे ‘सीयूटी’ होत होती, त्याच अर्थाच्या फ्रेंच नावाची ‘टीयूसी’. १९६७ मध्ये मान्य झालेले ‘यूटीसी’ या दोन्हींत बसत नाही, म्हणूनच ते दोघांनाही चालले. शिवाय खगोलशास्त्रात ‘यूटी१’, ‘यूटी२’ अशी नावे आधीपासून रूढ होती आणि हे त्यांच्याच रांगेतले होते. त्यामुळे ही केवळ राजकीय तडजोड म्हणता येत नाही.

१९७२ पासून पृथ्वीच्या गतीशी मेळ राखण्यासाठी यूटीसीत २७ लीप सेकंद मिळवले गेले. ही पद्धत २०३५ पर्यंत बदलण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. फ्रान्सने १९७८ मध्ये कायद्याने यूटीसी स्वीकारली. जगभरच्या आण्विक घड्याळांची सरासरी आज पॅरिसजवळच्या सेव्र इथे काढली जाते. ब्रिटनच्या कायद्यात मात्र अजूनही ‘ग्रिनिच सरासरी वेळ’ हेच शब्द आहेत.