सुपारी विठाबाईच्या नावाची

बारामतीहून नीरेकडे निघालं की वाटेत पणदरे लागतं. आजूबाजूला ऊस, नीरा डाव्या कालव्याचं पाणी, हाकेच्या अंतरावर माळेगावचा साखर कारखाना. या बागायती पट्ट्यात चैत्र-वैशाखातल्या यात्रांची बोलणी सुरू झाली की पालखी, छबिना, नैवेद्य यांवर फारशी चर्चा होत नाही. ते सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. बैठक तापते ती तमाशाच्या विषयावर. फड कुणाचा आणायचा? वर्गणी किती निघेल? शेजारच्या गावानं गेल्या साली कुणाला आणलं होतं? उसाचं बिल हातात असलं की बोली वाढते, पाटाचं आवर्तन चुकलं की खाली येते. मग अशा गावांची पंचमंडळी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावला जातात. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडमालकांच्या राहुट्या पडलेल्या असतात. मोकळ्या तारखा बघायच्या, घासाघीस करायची, सुपारी ठरवून इसार द्यायचा आणि परतायचं.

या बाजारात एका बाईच्या नावाला अनेक वर्षं सगळ्यांत चढा भाव होता. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. तिच्या कलेविषयी भरपूर लिहून झालंय, अश्रूही भरपूर ढाळून झालेत. योगीराज बागूल यांनी ‘तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा’ हे चरित्रही लिहिलं आहे. मला कुतूहल आहे ते त्या नावाचं. ते कमावलं कुणी, वाहिलं कुणी आणि त्याचे पैसे झाले कुणाचे?

विठाबाईचा जन्म जुलै 1935 मधला, पंढरपूरचा. घराणं मात्र पुणे जिल्ह्यातलं. आजोबा नारायण खुडे शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे. फड त्यांनीच उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो चालवला आणि ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावानं महाराष्ट्रभर नेला. जात आणि गाव दोन्ही पाटीवर! आज अवघडल्यासारखं वाटेल, पण ढोलकी फडाच्या दुनियेत ती जुनी रीत होती. ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानला जातो. 1865 च्या सुमारास तो रंगवणारे उमाजी-बाबाजी हे सावळजचे मांग. मांग, महार, कोल्हाटी या समाजांनी ही कला जगवली, आणि गावानं रात्री तिला डोक्यावर घेऊन सकाळी वेशीबाहेर ठेवलं. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी फडात शिरून पठ्ठे बापूराव झाले, तेव्हा त्यांना आपली माणसं सोडावी लागली. विठाबाईला सोडण्यासारखं काही नव्हतंच, ती फडातच जन्मली होती.

शाळेत तिचं मन रमलं नाही. गवळण, लावणी, भेदिक हे कानावर पडतच ती वाढली आणि नाचणं-गाणं वेगळं असं तिला कुणी शिकवलं नाही. इथे एक गोष्ट शहरी वाचकांसाठी सांगायला हवी, कारण बहुतेकांनी लावणी पाहिली ती सिनेमात. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 चा, शांतारामांचा ‘पिंजरा’ 1972 चा. पडद्यावरच्या बाईला एक गाणं, एक अदा आणि हवे तितके रीटेक मिळतात. फडातल्या बाईला रात्र काढायची असते. गण होतो, मग गवळणीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी येतात, मग बतावणी, मग लावण्या, आणि त्यानंतर पहाटेपर्यंत चालणारा वग. वगाचं कथानक ठरलेलं असे, संवाद बरेचदा उभ्या उभ्या रचले जात. मधल्या लावणीत शिट्ट्या घेणाऱ्या बाईनं दोन तासांनी त्याच प्रेक्षकांना वगात रडवायचं. शिवाय समोरचा प्रेक्षक उघड्या रानात, कनातीत, जमिनीवर बसलेला, आणि कंटाळला की तोंडावर सांगणारा.

स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच मुंबई सरकारनं अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी आणली. मग दत्तो वामन पोतदारांची समिती बसली, संहिता तपासून घेण्याची अट आली आणि फड पुन्हा उभे राहिले. विठाबाईची उमेदवारी नेमकी या काळातली. तिच्या बरोबरीनं कोण कोण होते बघा: जुळे भाऊ काळू-बाळू कवलापूरकर, ‘गाढवाचं लग्न’ गाजवणारे दादू इंदुरीकर, तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर. एवढ्या गर्दीत उठून दिसणं सोपं नव्हतं. विठाबाईला 1957 मध्ये आणि पुढे 1990 मध्ये राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. वडिलांच्या फडात घडलेल्या या मुलीनं पुढे स्वतःच्या नावाचा फड काढला. फडमालकीण होणं म्हणजे ट्रक, कनात, ढोलकीवाले, सोंगाडे, आचारी आणि सावकार, सगळ्यांना तोंड देणं.

तिची सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी कथा बाळंतपणाची. नऊ महिने भरलेले असताना ती बोर्डावर उभी राहिली, मध्येच कळा सुरू झाल्या, ती आत गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला बाहेर आली. प्रेक्षकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवला, असं सांगतात. प्रत्येक भाषणात ही कथा येते आणि टाळ्या घेते. मला त्या टाळ्या खटकतात. कलेवरची निष्ठा म्हणून ती सांगितली जाते, पण दिवस भरलेल्या बाईला त्या रात्री बोर्डावर उभं कुणी केलं, हे कुणी विचारत नाही. सुपारी तिच्या नावाची होती. ती उभी राहिली नाही तर गाव पैसे कापणार, कनातीची तोडफोड होण्याचं भय वेगळंच, आणि फडातल्या सगळ्या चुली त्याच पैशावर. प्रेक्षक मोठ्या मनाचे ठरले हे खरंच. पण कथेत दाई नाही, औषध नाही, पर्यायी कलावंत नाही. कामगार कायद्याच्या वकिलानं ही कथा ऐकली तर तो टाळ्या वाजवणार नाही.

इथे अमेरिकेतली एक बाई आठवते, लोरेटा लिन. केंटकी राज्यातल्या कोळसा खाणीच्या मुलखात 1932 मध्ये जन्मलेली, म्हणजे विठाबाईहून तीन वर्षांनी थोरली. बाप खाणकामगार, लग्न पंधराव्या वर्षी, विशीतच पदरात चार पोरं. तिकडच्या ग्रामीण संगीताची, कंट्री म्युझिकची ती राणी झाली. गाणी ती स्वतः लिही आणि विषय असत नवऱ्याचं दारू पिणं, बाळंतपणं, सवत. आपल्याकडची कुठलीही फडवाली ते ऐकून मान डोलवील. नॅशव्हिल या शहरात 1925 पासून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओवरचा कार्यक्रम चालतो, त्यानं खेड्यातला आवाज घराघरांत पोचवला. लोरेटाच्या ‘कोल मायनर्स डॉटर’ या गाण्याचं पुढे आत्मचरित्र झालं आणि 1980 मध्ये सिनेमा झाला. नायिकेचं काम करणाऱ्या सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळालं. 2022 मध्ये लोरेटा वारली ती टेनेसीतल्या स्वतःच्या प्रशस्त मळ्यावरच्या घरात.

दोघींच्या गुणांची तुलना करण्यात अर्थ नाही. व्यवहाराची मात्र करावी. लोरेटा झोपली असली तरी तिची तबकडी कुठेतरी वाजत होती, आणि गीतकार म्हणून पैसे तिच्या खात्यावर येत होते. विठाबाईचं उत्पन्न त्या-त्या रात्रीचं. रात्र संपली, हिशेब संपला. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत फड हिंडणार, पाऊस लागला की बसणार. बसलेल्या महिन्यांत कलावंत पुढच्या हंगामाची उचल मागणार, मालक ती सावकाराकडून आणणार आणि यात्रांचा हंगाम व्याज फेडण्यात जाणार. विमा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. जिच्या नावावर जत्रेतला भेळवाला, रसवंतीवाला आणि पाळणेवालाही धंदा करून जात होता, तिला म्हातारपणी पैशाची चणचण सोसावी लागली. 15 जानेवारी 2002 रोजी विठाबाई गेली, आणि दवाखान्याचं बिल देणगीदारांच्या मदतीतून भागलं.

त्यानंतर सरकारला जाग आली. 2006 पासून राज्य शासन तिच्या नावानं तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार चांगलाच आहे, मानकरीही लायक आहेत. कांताबाई सातारकर, विठाबाईची थोरली लेक मंगला बनसोडे, फडांसाठी आयुष्यभर लिहिणारे बशीर मोमीन कवठेकर अशी नावं त्या यादीत आहेत. पण आयुष्याच्या शेवटी एकदा मिळणारी रक्कम आणि दर पावसाळ्यात लागणारा घरखर्च यांचा मेळ बसत नाही.

नाव मात्र अजून चालतं. मंगलाताईंनी आपला फड उभा केला, विठाबाईची दुसरी एक लेक मालती इनामदार यांच्या फडाच्या पाटीवर आईचं नाव राहिलं, पुढची पिढीही याच धंद्यात उतरली. 25 मार्च 2020 ला गुढीपाडवा होता आणि देशभराची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. सुपाऱ्यांचा ऐन हंगाम, आणि यात्राच रद्द. पुढचं वर्षही तसंच गेलं. ज्यांनी उचल घेतली होती त्यांच्या डोक्यावर ती राहिली, ट्रक जागेवर उभे राहिले, ढोलकी-हलगी वाजवणारे मिळेल त्या मजुरीला गेले.

आता यात्रा पुन्हा भरतात, नारायणगावला राहुट्याही पडतात. फरक पडलाय तो बोलण्यांत. गावची तरुण पोरं ऑर्केस्ट्रा मागतात, नाहीतर नुसत्या लावण्यांचा दोन तासांचा कार्यक्रम. वग नको, पहाटेपर्यंत बसायला वेळ कुणाला आहे? जुनी मंडळी अडून बसली तरच फड येतो. समोर शंभर मोबाइल उंचावलेले असतात, रात्रीतून लावणी यूट्यूबवर जाते, लाखांनी बघितली जाते. त्या बघण्याचे पैसे चित्रण टाकणाऱ्याला मिळतात. नाचणारीचा हिशेब अजूनही सुपारीवरच होतो, आणि त्यातून आधी उचल वजा होते.