ऑनलाइन लिलावात जुनी हार्मोनियम घेताय? आधी हा हिशोब मांडा

जुनी वाद्यं घेऊन, दुरुस्त करून विकायची, हा कमी भांडवलात सुरू होणारा धंदा आहे. भजनी मंडळं, शाळा, संगीताचे क्लास अशी गिऱ्हाइकं आपल्या आसपासच असतात. पण नफा विकताना नाही, खरेदी करतानाच ठरतो. आणि लिलावात तर एका चुकीच्या बोलीत महिन्याची कमाई जाऊ शकते.

१. बोलीची मर्यादा उलट्या हिशोबाने काढा
समजा, दुरुस्त केलेली हार्मोनियम तुमच्या गावात १४,००० रुपयांना जाते. त्यातून तुमचा नफा ३,०००, ट्यूनिंग आणि दुरुस्ती २,५००, वाहतूक ८०० वजा करा. उरले ७,७००. हीच बोली लावायची का? नाही! बऱ्याच लिलावांत बोलीवर खरेदीदाराकडून वेगळं शुल्क घेतात. ते करासकट १० टक्के धरलं, तर तुमची शेवटची बोली ७,००० रुपये. आकडा कागदावर लिहा आणि त्याच्या पुढे जाऊ नका. शेवटच्या दोन मिनिटांत "अजून पाचशेच तर आहेत" असं वाटतं, तिथेच नफा संपतो. ईबेसारख्या साइटवर कमाल रक्कम आधीच भरून ठेवता येते. मग सिस्टिम गरजेपुरतीच बोली वाढवत नेते.

२. फोटोवर जाऊ नका, व्हिडिओ मागा
पॉलिश चकचकीत असलं म्हणून सूर चांगले असतात असं नाही. विक्रेत्याला हे करून दाखवायला सांगा:
- सगळे खटके बंद ठेवून भाता दाबायचा. हवा लगेच निघून गेली, तर गळती आहे.
- खटके उघडून, एकही पट्टी न दाबता भाता मारायचा. तरी सूर वाजला, तर पट्टीखालची झडप नीट बसत नाही.
- पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पट्टी वाजवायची. मुका सूर म्हणजे रीडमध्ये कचरा, नाहीतर रीड तुटलेली.
- आतलं लाकूड दाखवायचं. बारीक छिद्रं आणि भुसा दिसला, तर कीड आहे. सौदा सोडा.

व्हिडिओत आजची तारीख लिहिलेला कागद वाद्यावर ठेवायला सांगा. दुसऱ्याचे फोटो चोरून टाकणारा तिथेच अडकतो.

३. पैसे देताना
"लिलाव सोडा, थेट मला पाठवा, स्वस्तात देतो" असं कोणी म्हटलं तर थांबा. प्लॅटफॉर्मच्या बाहेर पैसे दिले की त्यांचं संरक्षण मिळत नाही. आणि पक्कं लक्षात ठेवा, पैसे परत घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.

४. कायदा विसरू नका
जुन्या पियानोच्या पट्ट्यांवर कधीकधी हस्तिदंत असतो. भारतात हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली बंद आहे. असा माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. परदेशातून मागवत असाल, तर सीमाशुल्क आधीच खर्चात धरा.

५. पार्सल आल्यावर
सील तोडण्याआधी मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि सगळ्या पट्ट्या वाजवेपर्यंत थांबवू नका. तक्रार करायची वेळ आली, तर हाच तुमचा पुरावा.

पहिल्यांदा एकच वाद्य घ्या, विका, खरा खर्च वहीत लिहा. तो आकडा तुमच्या अंदाजाशी जुळला, की मगच दुसरी बोली लावा.